लिस्बनला निघताय? एकतीस ठिकाणांची यादी घरीच ठेवा

पत्र: ताई, नमस्कार. आम्ही वसईचे. बाबा ७३ वर्षांचे, शाळेत इतिहास शिकवायचे. मुलांना घेऊन किल्ल्यात किती वेळा गेले असतील, त्याची गणती नाही. ‘ज्यांनी हा बांधला त्यांचं गाव एकदा बघायचंय,’ हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. मे अखेरीस आई-बाबांना घेऊन लिस्बनला निघालेय. पाच दिवस हातात आहेत आणि मी ३१ ठिकाणांची यादी केलीय. भाऊ म्हणतो, लिस्बनला दोन दिवस पुरे, उरलेल्यात माद्रिद आणि पॅरिस बसव. आईचे गुडघे दुखतात. ती शाकाहारी आहे, अंडं चालतं. तिच्यासाठी राइस कुकर न्यावा का? बाबांना मासे प्रिय, त्यांना तिथलं काय खायला घालू? आणि एक भीती. बाबा आत्तापासूनच म्हणताहेत, ‘वास्को द गामाच्या थडग्यापुढे मी हात जोडणार नाही.’ तिथे कुणाशी वाद घातला तर?
वसईची एक वाचक

उत्तर:

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा यादीसाठी, दुसऱ्यांदा बाबांसाठी.

आधी भावाचं बघू. त्यांना प्रेमाने पण ठामपणे नाही म्हणा. पाच दिवसांत तीन राजधान्या म्हणजे आईच्या वाट्याला तीन विमानतळ, तीन हॉटेलं आणि बॅगा भरणं-उपसणं. बाबांनी पॅरिस मागितलेलंच नाही. त्यांनी आयुष्यभर एकच गाव मागितलं, ते त्यांना सावकाश बघू द्या.

आता यादी. ३१ पैकी वीस-बावीस नावांवर आजच काट मारा. लिस्बन नकाशावर छोटं दिसतं, कारण नकाशात चढ दिसत नाहीत. पाच मिनिटांवर दिसणारी जागा प्रत्यक्षात एका उभ्या जिन्याच्या टोकाला असते. फुटपाथ पांढऱ्या-काळ्या चुनखडीच्या छोट्या छोट्या तुकड्यांचे, हाताने ठोकून बसवलेले. दिसायला रांगोळीसारखे सुंदर, पण पावलांनी घासून इतके गुळगुळीत झालेत, की पावसाची सर आली की विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवर उभं असल्यासारखं वाटतं. मी सासूबाईंना घेऊन गेले होते. पहिल्याच संध्याकाळी त्यांचा पाय सरकला, मी दंड धरला म्हणून वाचल्या. दुसऱ्या दिवशी चपला पिशवीत गेल्या आणि रबरी तळाचे बूट आले. आईंसाठी असे बूट इथूनच घ्या आणि निघायच्या महिनाभर आधीपासून रोज घालायला लावा.

राहायला जागा बैशा भागात बघा. नदीकाठचा हा सपाट पट्टा. तो सपाट आणि चौकटीचौकटीचा का आहे, हे बाबांना माहीत असेलच, तरी तिथे उभं राहून त्यांच्याकडून ऐका. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, माणसं चर्चमध्ये. आधी भूकंप, मग नदीतून वर चढलेल्या समुद्राच्या लाटा, मग कित्येक दिवस धुमसणारी आग. राजवाडा गेला. हिंदुस्थानच्या व्यापाराचा सगळा कारभार जिथून चाले ती ‘कासा दा इंदिया’ ही कचेरीही गेली. राजा दों जुझे त्या दिवशी शहराबाहेर बेलेंला होता म्हणून वाचला. पुढे त्याने दगडी छताखाली झोपायचं नाव काढलं नाही, तंबूत आणि लाकडी वाड्यात राहिला. त्याचा मंत्री, जो पुढे पोंबालचा मार्किस झाला, त्याने हा भाग नव्याने आखला. सरळ रस्ते, सारख्या उंचीची घरं आणि भिंतींच्या आत लाकडाचा पिंजरा, म्हणजे धरणी हलली तरी घर डुलेल पण कोसळणार नाही. वर टेकडीवर कार्मोच्या मठाचं चर्च मात्र छत नसलेलंच ठेवलंय. उघड्या आभाळाखाली नुसत्या कमानी. वसईच्या किल्ल्यातली बिनछपराची चर्चं बघत मोठ्या झालेल्या तुम्हाला तिथे ओळखीचं वाटेल. यादीत कार्मो नसेल तर घाला.

गुडघ्यांसाठी दोन गोष्टी लिहून ठेवा. बैशा-शियादू या मेट्रो स्टेशनात सरकत्या जिन्यांची अशी रांग आहे, की खालच्या बाजूने आत शिरलात की वर शियादूच्या चौकात निघता. मेट्रोत बसायचं नसलं तरी जा. कार्मो तिथून जवळ आहे. दुसरी गोष्ट, रुआ दुश फांकैरुश या रस्त्यावर एका साध्या इमारतीत लिफ्ट आहे. ती एक टप्पा वर नेते, मग थोडं चालून दुसरी लिफ्ट, आणि तुम्ही किल्ल्याच्या टेकडीवर बऱ्याच वर पोचता. नाहीतर प्रासा दा फिगैरा चौकातून ७३७ नंबरची बस थेट किल्ल्यापाशी जाते. १९०२ सालची सांता जुस्ता लिफ्ट लोखंडी नक्षीची आणि देखणी आहे, तिचा फोटो खालून काढा. तिच्या रांगेत आईंना तासभर उभं करू नका.

पिवळी २८ नंबरची ट्राम प्रत्येकाच्या यादीत असते, तुमच्याही असणार. बसा, पण सकाळी आठच्या सुमाराला, मार्तिं मुनिशला जिथून ती सुटते तिथून. म्हणजे बसायला बाक मिळतं. दुपारी ती विरारच्या लोकलसारखी भरते आणि खिसेकापू तिच्यातच असतात. पासपोर्ट हॉटेलात, पैसे आतल्या खिशात.

आता जेवण. त्याचं उत्तर मला मनापासून द्यायचंय, कारण राइस कुकर न्यायचा विचार वाचून वाईट वाटलं. कुकर नेलात की आई पाच दिवस हॉटेलच्या खोलीत खिचडी लावणार आणि तुम्ही दोघं बाहेर जेवून आल्यावर ‘कसं होतं?’ विचारणार. तसं होऊ देऊ नका. दिवसाचं मुख्य जेवण दुपारी, साडेबारा ते तीनमध्ये घ्या. गल्लीबोळांत ‘ताश्का’ असतात, आपल्याकडच्या खानावळींसारख्या. कागद अंथरलेली टेबलं आणि फळ्यावर हाताने लिहिलेलं ‘प्रातू दु दिया’, म्हणजे आजचं ताट. ‘मैया दोझ’ म्हणजे अर्धी प्लेट मागता येते, आणि ती अर्धीसुद्धा आपल्याला भरपूर होते.

बसलात की न मागता पाव, ऑलिव्ह, चीज समोर येईल. याला ‘कुवेर’ म्हणतात. ते पाहुणचाराचं नसतं, हात लावलात तर बिलात येतं. पर्यटकांच्या एका रस्त्यावर आम्ही हे विसरलो आणि सासूबाईंनी कौतुकाने चीजच्या तीन वाट्या संपवल्या. बिल आलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला आणि संध्याकाळभर उतरलेलाच राहिला. नको असेल तर हसून परत पाठवा. कुणी रागवत नाही, तिथली माणसंही तेच करतात.

आईंसाठी पहिल्या दिवशी ‘पैशिन्युश दा ओर्ता’ मागवा. शब्दाचा अर्थ मळ्यातले छोटे मासे, पण त्यात मासा नसतो. फरसबीच्या अख्ख्या शेंगा पीठ आणि अंड्याच्या घोळात बुडवून तळलेल्या. ताटलीत आडव्यातिडव्या पडलेल्या, कडेला पीठ फुलून कुरकुरीत झालेलं, मधून हिरवी शेंग डोकावतेय. आमच्या सासूबाईंनी एक मोडून बघितली, वास घेतला आणि म्हणाल्या, ‘अगं, ही तर भजी!’ पुढचे तीन दिवस त्यांनी कुणालाही न विचारता तीच मागवली. जपानी तेंपुरा याच भज्यांपासून निघाला असं मानतात, पोर्तुगीज खलाशी आणि पाद्री ती कला तिकडे घेऊन गेले.

मग ‘असोर्दा’. शिळ्या पावाचे तुकडे, भरपूर लसूण, ऑलिव्ह तेल, वर उकळतं पाणी, त्यात सोडलेलं अंडं आणि मूठभर वाटलेली कोथिंबीर. हो, कोथिंबीर! युरोपात बाकी ठिकाणी जिची आठवण काढत बसावं लागतं, ती पोर्तुगालच्या दक्षिण भागात स्वयंपाकाचा प्राण आहे. मात्र असोर्दा कोळंबी घालूनही करतात, म्हणून साधी ‘आलेंतेजान’ मागा, आणि त्यातही मासा नाही ना हे विचारा. ‘काल्दू वेर्द’ म्हणजे बटाट्याच्या दाट रश्श्यात केसासारखी बारीक चिरलेली हिरवी पालेभाजी. त्यावर डुकराच्या सॉसेजची चकती टाकतात आणि काही ठिकाणी ते रश्श्यातच शिजवतात. त्या सॉसेजचं नाव ‘शोरीसू’, गोव्यातला चोरीस तो हाच. एका कागदावर ‘सें कार्न, सें पैश’ लिहून आईंच्या पर्समध्ये ठेवा. मांस नको, मासे नको. ‘सें शोरीसू’ वेगळं म्हणावं लागतं, कारण त्याला मांसात धरायचं अनेकांच्या डोक्यात येत नाही. शेवटी ‘अरोझ दोस’ मागवा, म्हणजे तांदळाची घट्ट खीर, वर दालचिनीच्या पुडीने चिमटीचिमटीने काढलेली नक्षी.

आणि एखाद्या दिवशी आईंना वरण-भात-पोळीची फारच आठवण आली, तर लुमियार भागात राधाकृष्णाचं मोठं मंदिर आहे. मोझांबिकहून आलेल्या गुजराती कुटुंबांनी उभं केलेलं. तिथे शाकाहारी जेवण मिळतं, वेळा मात्र आधी फोन करून विचारा.

बाबांना ‘बाकल्याव’ खाऊ घाला. खारवून वाळवलेला कॉड मासा. गंमत अशी, की हा मासा पोर्तुगालच्या समुद्रात सापडत नाही. शेकडो वर्षं उत्तर अटलांटिकमधून, न्यूफाउंडलंडपर्यंत जाऊन आणला, तरी देशाचं लाडकं अन्न तेच. नदीजवळच्या रुआ दु आर्सेनाल या रस्त्यावर एकदा बाबांना फिरवा. दुकानांत फळीएवढे ताठ, मीठ फुललेले मासे रचलेले असतात आणि तो वास रस्त्यापर्यंत येतो. पावसाळ्याच्या आधी सुकी मासळी भरून ठेवणाऱ्या वसईच्या माणसाला तो वास परका वाटायचा नाही. हा मासा दिवसभर, कधी दोन दिवस, पाणी बदलत भिजवतात. सुरुवात ‘बाकल्याव आ ब्राश’ने करा. बारीक केलेला मासा, काडीसारखे तळलेले बटाटे, कांदा आणि अंडं एकत्र परतलेलं. सार्डिनचा आग्रह मात्र धरू नका. तो मासा जूनपासून पुढे चरबी धरतो. मे अखेरीस बरेचदा गोठवलेला मिळतो. त्याऐवजी भाजलेला ‘कारापाव’ मागा, तो बांगड्याच्या जवळचा लागतो.

जेवताना बाबांना एक काम द्या. भिंतीवरच्या फळ्यावर आपले शब्द शोधायला लावा. बटाट्याला ते बटाटाच म्हणतात. पाव म्हणजे पांव, कोबी म्हणजे कोव. काजू, अननस, पपई सगळे तिथे बसलेले. टेबलाला मेझा, बादलीला बाल्द, किल्लीला शाव, साबणाला साबांव. आम्ही हा खेळ खेळलो तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी आपणहून दोन शब्द वाढवले होते.

आता बेलें आणि तुमची भीती. बेलेंसाठी एक अख्खा दिवस ठेवा, सोमवार सोडून, कारण त्या दिवशी जेरोनिमुशचा मठ बंद असतो. १५ नंबरची ट्राम थेट नेते आणि तो सगळा भाग सपाट आहे. सकाळी लवकर पोचा. मठ १५०१ साली राजा मान्युएलने बांधायला घेतला. पैसा कुठून आला? आफ्रिका आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावरच्या पाच टक्के करातून. त्याला मिरीचा विसावा हिस्साच म्हणत. त्या अंगणातल्या खांबांवर दगडात कोरलेले दोर, शिंपले, पानं बघताना मनात येतं, आपल्या किनाऱ्यावरची मिरी इथे दगड होऊन उभी आहे. वास्को द गामाचं थडगं चर्चच्या दाराशीच आहे, समोर कवी कामोंइशचं. वास्को १५२४ मध्ये कोचीनला वारला, अस्थी नंतर इकडे आणल्या.

बाबा हात जोडणार नाहीत, मग न जोडू देत. तुम्ही आग्रह करू नका आणि त्यांच्या वतीने कुणाची माफीही मागू नका. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्याआधी दोनशे वर्षं तिथे काय काय घडलं, हे ज्या माणसाने आयुष्यभर शिकवलं, त्याला त्या थडग्यापुढे गप्प उभं राहायचा किंवा पाठ फिरवायचा पूर्ण हक्क आहे. वादाचं म्हणाल, तर या इतिहासावर वाद पोर्तुगीज माणसंसुद्धा आपापसांत घालतात. नदीकाठी दर्यावर्दींचं मोठं पांढरं स्मारक आहे, ते सालाझारच्या हुकूमशाहीत १९६० मध्ये दगडात उभं राहिलं, आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरात गोवा मुक्त झाला. त्या स्मारकाचं करायचं काय, यावर तिथे खुलेपणाने बोललं जातं. बाबांना कुणी बोलणारं भेटलं तर बोलू द्या. शिक्षक आहेत, त्यांचा आवाज चढला तरी त्यात तिरस्कार नसेल.

तिथून बेलेंच्या बुरुजाकडे चला. आतला जिना अरुंद आणि गोल आहे, आत जायची गरज नाही. बाहेरूनच वायव्येच्या छोट्या मनोऱ्याखाली बघा, गेंड्याचं झिजलेलं डोकं कोरलेलं आहे. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशाहाने दिलेला गेंडा गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द आल्बुकर्कने जहाजातून राजाला पाठवला. तो १५१५ च्या मे महिन्यात लिस्बनला उतरला, त्याच सुमाराला हा बुरूज बांधला जात होता. राजाने पुढे तो पोपकडे धाडला आणि वाटेत इटलीजवळ जहाज बुडालं. साखळीने बांधलेला तो जीव त्याच्यासोबत गेला. मला त्या अख्ख्या बुरुजावर तेवढं एक डोकं लक्षात राहिलंय.

आई दमल्या असतील, तेव्हा त्यांना पास्तेलसाठी न्या. मठाजवळच १८३७ पासूनचं दुकान आहे. मठ बंद झाले तेव्हा तिथली कृती या दुकानाकडे आली. बाहेरची लांब रांग बांधून नेणाऱ्यांची असते, तुम्ही आत जा. निळ्या फरश्यांच्या खोल्यांमागून खोल्या आहेत, बसायला जागा मिळते. गरम पास्तेल येईल तेव्हा लगेच खाऊ नका, आधी बघा. बाहेरची वाटी चिरोट्यासारखी, पातळ पातळ पदरांची, बोटाने दाबली की कडा सांडते. आत अंड्याच्या बलकाची आणि दुधाची मऊ मलई, वर जागोजागी काळे डाग, भट्टीच्या आचेचे. डबीतली दालचिनी भुरभुरवा. आईंना एक पुरणार नाही, सहा मागवा.

एक संध्याकाळ रुसियू चौकासाठी. जिथे आज नाट्यगृह आहे तिथे इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाची, कचेरी होती. बाबा गोव्यातल्या इन्क्विझिशनबद्दल शिकवत असतील, त्याचा धागा इथवर येतो. मागे साओ दोमिंगुश चर्च आहे. १९५९ च्या आगीत ते जळलं, आणि दुरुस्त करताना भाजून तडकलेले खांब तसेच ठेवले. आत शिरल्यावर तांबूस भिंती आणि फुटलेला दगड बघून माणूस आपोआप हळू चालतो. बाहेरच्या चौकात १५०६ मध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंचं छोटं स्मारक आहे, तिथे रोज कुणीतरी उभं असतं.

लिस्बनजवळचं सिंत्रा सोडा. सुंदर आहे, पण चढ आणि गर्दी आईंना झेपणार नाही. त्याऐवजी काइश दु सोद्रेहून पलीकडच्या कासील्याशला जाणारी होडी पकडा. रोज कामावर जाणाऱ्यांची ती साधी फेरीबोट आहे, तिकीट स्वस्त, दहा-पंधरा मिनिटांचा प्रवास. परत येताना सूर्य कलला असेल आणि अख्खं शहर समोर टेकड्यांवर पसरलेलं दिसेल. जहाजातून परतणाऱ्याला ते जसं दिसत असेल, तसं बाबांना याच बाजूने बघायला मिळेल. त्या वेळी प्रश्न विचारू नका. नुसतं शेजारी बसा.

व्हिसाचं काम आजच सुरू करा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी तो जायलाच हवा. उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीच्या तारखा भराभर संपतात. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. बाबांचा बीपी, मधुमेह असं काही असेल तर ते लपवून स्वस्त पॉलिसी घेऊ नका.

बॅगेत मेतकूट, थेपले, लोणचं चालेल. तूप, पेढे, दुधाचे पदार्थ नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे. आणि मे महिना म्हणून बाबा हमखास म्हणतील, की आल्बुकर्कच्या देशाला आल्बुकर्कच्याच नावाचा आंबा नेऊ या. मला ती कल्पना फार आवडेल, पण आंब्याला वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो, त्यावाचून तो विमानतळावरच काढून घेतील. हापूस निघायच्या आदल्या रात्री घरीच पोटभर खा, आणि बाठे भावाला द्या.